डावीकडचं घड्याळ

शाळेत तो पहिल्यांदा लक्षात आला तो बाकामुळे. मास्तर फळ्याकडे तोंड करून गणित लिहीत होते आणि मागून कुठून तरी खटखट, खटखट असा बारीक आवाज येत होता. वळून पाहिलं तर सगळा वर्ग शहाण्यासारखा बसलेला. फक्त खिडकीजवळचा एक बाक आपणहून हलत होता. त्या बाकावरच्या मुलाच्या हाताची घडी होती, ओठ मिटलेले होते, डोळे फळ्यावर होते. बाकाखाली मात्र दोन्ही पाय असे चालले होते, जणू तो बसल्या जागी घरी निघाला होता.

"तुझ्या पायांना कुणी किल्ली दिलीय का रे?" मास्तरांनी विचारलं.

तो उभा राहिला आणि खरोखरच वाकून पायांकडे बघू लागला. "नाही सर," तो म्हणाला, "आपोआप होतं."

त्या दिवसापासून तो चुळबुळ्या झाला. पुढे डोक्यावरचे केस गेले, चष्मा आला, हनुवटीखाली थोडी चरबी आली, पण नाव तेच राहिलं. ते त्याला शोभायचंही. रांगेत उभा राहिला तर पुढच्याच्या टाचा तुडवायचा. चहा निवेपर्यंत दम नसल्यामुळे त्याची जीभ कायम पोळलेली असायची.

पण शाळेतच आणखी एक गोष्ट दिसली होती. एका प्रयोगाच्या तासाला मास्तरांनी त्याच्या तळहातावर होकायंत्र ठेवलं आणि सांगितलं, काटा थांबेपर्यंत हलायचं नाही. त्याने श्वास रोखला. काटा थरथरला, डोलला, हळूहळू एका जागी आला. तास संपल्याची घंटा झाली, मुलं धावत बाहेर गेली, तरी हा तळहात पुढे करून उभाच. त्याचे पाय जमिनीला चिकटले होते.

तेव्हा तो काट्यांच्या धंद्यात पडला याचं त्याला ओळखणाऱ्या कुणालाच नवल वाटलं नाही. जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवरचे मीटर नवे करायचे आणि मालकाच्या मनासारखे बदलून द्यायचे, हे त्याचं काम. दुकान म्हणजे वर-खाली सरकणारा दरवाजा, एक लांब टेबल, त्यावर दिवा आणि भिंग. मीटरचं कडं सोडवून तो काच काढायचा, दोन चमच्यांच्या पाठी लावून काटा अलगद उचलायचा, तबकडी घासून रंगवायचा. रेघा आखायला त्याने रेकॉर्ड वाजवायचं जुनं यंत्र ठेवलं होतं. तबकडी त्यावर ठेवायची, चार केसांचा ब्रश एका जागी धरायचा आणि यंत्र फिरू द्यायचं. हात थांबलेला, जग फिरतंय. त्या वेळी त्याचा पाय हलत नसे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. दातांच्या एका डॉक्टरांना सगळे मीटर पांढरेशुभ्र हवे होते. एक गृहस्थ म्हणाले, पेट्रोलचा काटा रिकाम्यावर जाऊच देऊ नका, आमची ही फार घाबरते. "मग पेट्रोल भरा ना," चुळबुळ्या म्हणाला, "काट्याला कशाला मध्ये घेता?" रंग बदलेन, आकडे बदलेन, दिवा हिरवा म्हणाल तर हिरवा करेन, काटा जे सांगतो ते मात्र तेच राहील, असा त्याचा खाक्या होता.

गंमत अशी, की आख्ख्या गावाच्या गाड्यांना वेग दाखवणारा हा माणूस स्वतः बसने हिंडायचा. त्याला गाडी चालवता येत नव्हती. आणि याला कारण त्याचा दादा.

दादा त्याच्याहून बराच मोठा. गाव त्याला गुरुजी म्हणायचं, कारण त्याने निम्म्या गावाला मोटार चालवायला शिकवलं होतं. त्याची गाडी जुनी, गोल नाकाची, बाटलीच्या काचेसारखी हिरवी. तिचे सगळे मीटर, जुन्या पद्धतीप्रमाणे, डॅशबोर्डच्या मधोमध होते आणि त्यांच्या शेजारी किल्लीचं एक घड्याळ. त्या घड्याळावर दादा शिकवणीची वेळ मोजायचा. त्याचा आवाज खणखणीत. "डावीकडे बघ!" तो असा ओरडायचा, की शिकणाराच काय, पानाच्या ठेल्यावरचे लोकही डावीकडे बघायचे. कुणी म्हणायचं, या गावची माणसं झोपेत कूस बदलतानाही आधी डावीकडे बघतात, गुरुजींची कृपा.

या दादाने सगळ्यांना शिकवलं, धाकट्या भावाला मात्र तो शिकवू शकला नाही. तरुणपणी एकदा त्याला स्टेअरिंगवर बसवलं होतं. पहिल्याच चौकात लाल दिवा लागला. थांबायचं होतं, नुसतं थांबायचं. पण चुळबुळ्याचा पाय क्लचवरून उठला, गाडी बेडकासारखी उडाली आणि पुढच्या हातगाडीला टेकून बंद पडली. दादाने शांतपणे त्याच्या बाजूचं दार उघडलं. "उतर," तो म्हणाला. "तुझ्या पायांना गाडीची गरज नाही." तेव्हापासून चुळबुळ्याने स्टेअरिंगला हात लावला नव्हता आणि हा विषय दोघांनीही पुन्हा काढला नव्हता.

मग दादाला आजारपण आलं. एका सकाळी दाढी करताना तो खाली बसला. डोक्यातल्या एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी. इस्पितळातून परत आला तेव्हा चालत आला, बोलत आला, लोकांना वाटलं, थोडक्यात निभावलं. पण त्याची डावी बाजू गेली होती. हातपाय नव्हेत, बाजूच. डॉक्टरांनी समजावून सांगितलं: डोळे चांगले आहेत, पण डावीकडून येणारं काही त्यांचा मेंदू आत घेत नाही. तिकडे अंधार दिसतो असंही नाही. तिकडे काही आहे, असंच त्यांना वाटत नाही. गाडी बंद.

दादा घरी आला आणि अर्ध्या चेहऱ्याची दाढी करून कामाला लागल्यासारखा हिंडू लागला. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा आणि चौकटीवर चिडायचा. जेवताना ताटातलं उजवीकडचं संपवून विचारायचा, "आज भाजी केली नाहीस?" वहिनी ताट अर्धं फिरवायच्या. मग भाजी समोर यायची आणि तो जेवायचा.

एक दिवस दादा गुपचूप गाडीत जाऊन बसला. समोर पाहिलं तर मीटरच दिसेनात. स्टेअरिंग उजवीकडे, मीटर मध्ये, म्हणजे त्याच्या डावीकडे. दुसरा कुणी असता तर हबकला असता. दादाने मात्र निष्कर्ष काढला, की मीटर चुकीच्या जागी आहेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना धक्का मारायला लावून त्याने गाडी भावाच्या दुकानात आणून घातली.

"हे सगळं उचल," तो म्हणाला, "आणि स्टेअरिंगच्या उजव्या अंगाला बसव. नवी फळी कर. आकडे मोठे काढ. मला काटे दिसले की झालं."

"दादा, डॉक्टर..."

"डॉक्टरांना गाडी शिकवली कुणी? मी. रस्ता ओलांडताना डोळे मिटायचा तो माणूस. तू काम कर."

चुळबुळ्याने लगेच स्क्रूड्रायव्हर उचलला. कामाला हात घातला नाही तर त्याला सुचत नसे. दादा परत जाईपर्यंत मीटरची फळी निघून टेबलावर आली होती आणि डॅशबोर्डमध्ये वायरी लोंबत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनी दुकानात आल्या. बसल्या नाहीत.

"चहा नको, भावोजी. एवढंच सांगायला आलेय. ते मीटर होऊ देऊ नका."

"म्हणजे?"

"म्हणजे होऊच देऊ नका. रंग वाळतोय, काच मिळत नाही, काय वाट्टेल ते सांगा. डॅशबोर्ड उघडा असेपर्यंत ते गाडी रस्त्यावर काढायचे नाहीत. अर्धवट गाडीत ते बसत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे."

"त्यापेक्षा दादाला सरळ सांगूया ना."

"सांगून दमले. त्यांना वाटतं मी भित्री. काल ताट फिरवलं तर म्हणतात, आता वाढलंस ते आधीच वाढायचं. हात का आखडता घेतेस?" त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "ताट मी फिरवीन हो. रस्ता कसा फिरवू?"

चुळबुळ्याने बाहेर पाहिलं. दुकानासमोरचाच रस्ता. डावीकडच्या शाळेतून मुलं सुटायची, त्याच बाजूने सायकली यायच्या.

"बरं," तो म्हणाला. "शब्द देतो." आणि शब्द देतादेताच त्याचा पाय हलू लागला.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "तुम्ही? आणि वेळकाढूपणा? अहो, दूध तापेपर्यंत तुम्हाला धीर नसतो, दहा वेळा झाकण काढता. वहिनींना दुसरं कुणी मिळालं नाही?"

तिचं खरंच होतं. यापुढचे दिवस चुळबुळ्याने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. टेबलावर दादाचे मीटर उघडे पडलेले. वेगाचा, पेट्रोलचा, तापमानाचा, तेलाच्या दाबाचा. कोपऱ्यात घड्याळ. समोर हिरवी गाडी, डॅशबोर्डच्या जागी दात पडलेल्या तोंडासारखी पोकळी. तो पाठ फिरवून दुसऱ्याचं काम करायचा तर मानेला मुंग्या यायच्या. हात आपोआप दादाच्या तबकडीकडे जायचे. एक तबकडी त्याने रंगवून, रेघा आखून, आकडे काढून पूर्ण केली आणि मग भानावर येऊन, पॉलिश पेपर घेऊन सगळी घासून टाकली. रेघ न रेघ जमली होती.

उरलेला जोर मग भलतीकडे निघाला. इतर गिऱ्हाइकांची कामं वेळेआधी होऊ लागली, तर लोकांनाच शंका यायला लागली. त्याने सगळे स्क्रू लांबीप्रमाणे लावले, मग जाडीप्रमाणे लावले. शेजारच्या शिंप्याच्या मशीनला न मागता तेल घालून आला.

"काय हो," शिंपी म्हणाला, "घरी भांडण झालंय का? झाडायला माझी माडीही आहे."

आणि दादा रोज यायचा. दरवाजाच्या कडेला खांदा आपटून आत, मग भिंतीकडे रागाने बघणं, मग स्टुलावर बसणं.

"झालं?"

"पांढऱ्या रंगाने उजेड डोळ्यांवर येईल, दादा. काळा करतोय."

"कर."

पुन्हा दोन दिवसांनी, "झालं?"

"काळ्यावर आकडे उठत नाहीत. हिरवा बघू."

"बघ. असं रंगवतोयस, जसे काही राजवाड्यात टांगायचेत."

मग, "झालं?"

"लाकूड ओलं आहे अजून."

दादाने फळीवर बोटाच्या गाठीने टकटक केलं. "ओलं? हे माझ्या टकलापेक्षा कोरडं आहे." तो हसला नाही. भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली, टेबलाखाली पाहिलं. "तोंड सांगतंय लाकूड ओलं. पाय काय सांगतायत?"

चुळबुळ्याने पाय दाबून धरला. दुसरा हलू लागला.

"तिनं सांगितलंय ना तुला?"

बाहेरून एक सायकल घंटा वाजवत गेली. चुळबुळ्या भिंगाची काच पुसू लागला. ती स्वच्छच होती.

"तिचं मी समजू शकतो," दादा म्हणाला. "ती घाबरते. पण तू? तुला माहीत आहे सकाळी उठल्यावर मी काय करतो? काही नाही. लोक येतात, तब्येत विचारतात, मोठ्याने बोलतात, मी बहिरा झाल्यासारखं. भाचा आला, मला गाडीत घालून फिरवून आणला. पोतं न्यावं तसं. पट्टासुद्धा त्यानंच लावला. ज्या पोराला मी गिअर शिकवला त्यानं." त्याचा आवाज तितकाच खणखणीत होता, फक्त शेवटी घसरला. "मला एकदा माझ्या गाडीत बसून माझ्या हातानं गावाबाहेर जाऊन येऊ दे. बास."

"दादा, पण..."

"परवा सकाळी येतो. मीटर असले तर ठीक. नसले तर ते भोक तसंच ठेवून नेईन. वेग मला कानानं कळतो."

अर्धवट गाडीत न बसणारा माणूस भोकासकट गाडी न्यायला निघाला होता. म्हणजे आता मीटर न लावूनही काही साधणार नव्हतं. निदान काटे असले तर जपून चालवेल, असं त्याने स्वतःला पटवलं. आणि खरं सांगायचं तर पटवायला फार वेळ लागला नाही. आता काम पुरं करायचं, या विचाराने त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग सुटल्यासारखं वाटल्याची लाज वाटली. वहिनींचा चेहरा समोर आला. त्याने दिवा खाली ओढला आणि ब्रश उचलला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्याने असं काम केलं, की शिंपी दोनदा डोकावून गेला. जुनी फळी नव्या फळीवर ठेवून कडा आखून घेतल्या. मीटरची नवी भोकं उजवीकडे पाडली, वायरी लांबवल्या, वेगाच्या मीटरची केबल वळवून आणली. चाक उचलून, फिरवून काटे तपासले. तबकड्या दुधी, आकडे काळे आणि लाडवाएवढे, काटे केशरी. दिवा लावला की पिकल्या आंब्यासारखा उजेड. सगळ्यात शेवटी घड्याळाला किल्ली दिली, ते फळीत बसवलं, मागून पट्टी आवळली आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. कुठे काही खुपत नव्हतं. त्याचे पाय थांबले.

वहिनींना कळवायला मात्र त्याची जीभ उचलली नाही.

सकाळी दादा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. अर्ध्या गालाची राहिलेली दाढी बहुधा वहिनींनीच पुरी केली असावी. आज गाडी न्यायची, हे दादाने त्यांना वाटेत सांगितलंच होतं. त्या मागून आल्या, गाडीच्या पलीकडच्या अंगाने पुढे जाऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. त्यांनी चुळबुळ्याकडे एकदाच पाहिलं. त्याने खाली पाहिलं.

दादा स्टेअरिंगवर बसला. दार लावलं, सीट मागेपुढे केली, आरसा नीट केला. मग हात मांडीवर ठेवून उजवीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"पेट्रोल, पाव टाकी," तो वाचू लागला. "तेल बरोबर. तापमान खाली, इंजिन गार आहे म्हणून. वेग शून्य." तो लहान मुलासारखा हसला. "बघ! सगळं दिसतंय. म्हणत होतो ना, जागा चुकली होती? झकास केलंस रे. आकडे तर... आंधळ्यालाही दिसतील."

चुळबुळ्या खिडकीशी उभा होता. त्याला वाटलं, झालं, आता हा किल्ली फिरवणार. दादाने किल्ली लावलीही. आणि मग तो थांबला.

"घड्याळ कुठाय?"

"काय?"

"घड्याळ रे. घड्याळ बसवलं नाहीस?"

चुळबुळ्याने डॅशबोर्डकडे पाहिलं. घड्याळ होतं. फळीच्या मधोमध, बशीएवढं, दुधी तबकडीचं, केशरी काट्यांचं. दादाच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. आणि त्याच क्षणी त्याला कळलं, की आपण ते कुठे बसवलं. ते उजवीकडे न्यायचं ठरलं होतं. पण जुनी फळी वर ठेवून आखताना घड्याळाचं वर्तुळ पेन्सिलीने जुन्या जागीच काढलं गेलं, भोक तिथेच पडलं आणि शेवटी हात घड्याळ घेऊन तिथेच गेला. इतकी वर्षं ते तिथेच होतं. हाताने विचारलं नाही आणि डोळ्यांना खुपलं नाही.

वहिनींनी तोंडावर हात ठेवला होता. आणि मग घड्याळ ऐकू येऊ लागलं. टिक, टिक, टिक.

दादाने मान वर केली. त्याला ऐकू येत होतं. त्याने उजवीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, वाकून स्टेअरिंगखाली पाहिलं. "आहे की," तो पुटपुटला. "चालू आहे. कुठे लपवलंस?" पुन्हा उजवीकडे, मीटरवरून नजर फिरवली, एक एक करून. मग डावा हात उचलला आणि चाचपडत फळीवरून सरकवला. लाकूड. लाकूड. बोटांना काच लागली. बोटं काचेच्या कडेने गोल फिरली, खालच्या किल्लीपाशी थांबली. ती किल्ली त्याने हजार वेळा फिरवली असेल.

तो हात तसाच काचेवर ठेवून बसला. चेहरा समोर.

"आणखी काय काय आहे तिकडं?" त्याने विचारलं.

आवाज अगदी हळू होता. या माणसाला हळू बोलता येतं हे चुळबुळ्याला माहीत नव्हतं.

"घड्याळ आहे," चुळबुळ्या म्हणाला. "मग... शेजारची सीट. तिच्यावर माझा डबा राहिलाय. खिडकी. खिडकीबाहेर माझं टेबल, त्यावर दिवा. भिंत. वहिनी उभ्या आहेत."

"ती इथं आहे?"

"आहे मी," वहिनी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुम्ही बसलात तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आकडे वाचत होतात."

दादाने मान हलवली. त्याला सगळं डोळ्यांसमोर येत असावं, म्हणजे न दिसलेलं सगळं. चौकटी, ताटं, वहिनींचं ताट फिरवणं. त्याने किल्ली काढली, ती खिशात घातली, मग खिशातून काढून डॅशबोर्डवर ठेवली. उतरताना त्याने पहिल्यांदाच मान पूर्ण वळवून, खांद्यापलीकडे, डावीकडे पाहिलं. वहिनी सापडेपर्यंत वळवली.

दोघं निघाली तेव्हा वहिनी दारात रेंगाळल्या. "मुद्दाम लावलंत ते घड्याळ तिथं?"

हो म्हटलं असतं तर सगळं साजरं झालं असतं. "नाही वहिनी," तो म्हणाला. "चुकलं. आणि मी शब्दही मोडला."

"हो. मोडलात," वहिनी म्हणाल्या आणि दादाच्या डाव्या हाताशी जाऊन चालू लागल्या.

त्यानंतर दादा दुकानाकडे फिरकला नाही. गाडी तशीच उभी. चुळबुळ्या रोज घड्याळाला किल्ली द्यायचा. ते बंद पडलं तर काहीतरी वाईट होईल असं त्याला वाटायचं. घड्याळ काढून ठरल्या जागी बसवावं म्हणून दोनदा स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला. बायको म्हणाली, "जा ना भावाकडे. इथं फरशी झिजवून काय होणार?" तो गेला. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता, झोपला होता की नाही कळलं नाही. वहिनींनी खुणेनेच सांगितलं, नंतर.

मग एके सकाळी दार उघडत असतानाच दादा आला. खांदा आपटला नाही. दारापाशी थांबला, मान वळवून डावी कड बघितली आणि आत शिरला. गाडीला वळसा घालून गेला आणि डावीकडच्या सीटवर बसला. शिकवणारा बसतो त्या सीटवर, जिथे तो जन्मभर बसला होता.

"अरे," तो म्हणाला. "ए! इकडे ये. इथून सगळं दिसतंय. पेट्रोल, तेल, वेग, आणि घड्याळसुद्धा. सगळं माझ्या उजवीकडेच आलं की." त्याने स्टेअरिंगकडे बोट केलं. "बस."

"कोण?"

"मी मीटरला म्हणेन बस? तू."

"दादा, मला कुठं येते? तूच म्हणाला होतास, तुझ्या पायांना..."

"म्हणालो होतो. तेव्हा मी शहाणा होतो. बस." आणि बसल्यावर, "हे बघ. समोरचं आणि उजवीकडचं माझ्याकडे. काटे माझ्याकडे. डावीकडचं सगळं तुझ्याकडे. तिकडचं मला काही विचारायचं नाही. विचारलंस तर उतरवीन."

पहिल्या दिवशी गाडी दुकानाच्या दारातच तीनदा बंद पडली. शिंपी टाळ्या वाजवायला बाहेर आला. चौकात लाल दिवा लागला तेव्हा चुळबुळ्याच्या कपाळावर घाम आला. मागे भोंगे वाजत होते. दादा घड्याळाकडे बघत होता.

"थांबायचंय," तो म्हणाला. "नुसतं काट्याकडे बघ. सेकंदाच्या. फिरू दे त्याला. तू थांब."

चुळबुळ्याने काट्याकडे पाहिलं. दिवा हिरवा झाला.

"डावीकडे बघ!" दादा ओरडला, आणि पानाच्या ठेल्यावरच्या लोकांनीही डावीकडे पाहिलं.

परवाना त्याला दुसऱ्या खेपेला मिळाला. पहिल्या खेपेला परीक्षक पट्टा लावायच्या आत गाडी निघाली होती. आता दोघे भाऊ रोज सकाळी गावाबाहेर जाऊन येतात. वहिनी मागे बसतात आणि झोपतात. दुकान त्यामुळे तासभर उशिरा उघडतं. सिग्नलला थांबल्यावर चुळबुळ्याचा पाय क्लचवर अजून हलतोच, म्हणून दर वर्षी त्या गाडीची क्लच प्लेट बदलावी लागते.